पायांतील शिरांचा दाह : ओळख आणि उपचार

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्रापाशीं उभा राहणारा कामगार, दुकानांतील विक्रेता आणि फळ्यापुढें उभा राहणारा शिक्षक यांचे पेशे निराळे. परंतु पायांवर पडणारा भार एकच. संत तुकाराम नगरांतील मजसारख्या निवृत्त शिक्षकास आजचा विषय म्हणूनच परका वाटत नाहीं.

हृदयांतून निघालेलें रक्त रोहिण्यांतून पायांपर्यंत येतें. परत जातांना मात्र त्यास नीलांतून वर चढावें लागतें. चालतांना पोटरीचे स्नायू आवळले, कीं नीला दाबल्या जाऊन रक्त वर सरकतें, व आंतील लहान झडपा तें खालीं येऊं देत नाहींत. झडपा निकामी झाल्या म्हणजे रक्त सांचतें, शीर फुगते आणि वेडीवांकडी दिसूं लागते. अशा शिरेंत रक्ताची गुठळी होऊन तिच्या भिंतीस सूज आली, म्हणजे तो शिरेचा दाह होय. रक्ताचा मंद प्रवाह, शिरेच्या भिंतीस इजा आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली प्रवृत्ति, हीं गुठळीचीं तीन कारणें जर्मन पंडित रूडॉल्फ फिर्को यांच्या नांवानें ओळखलीं जातात.

हा विकार दोन प्रकारचा असतो. त्वचेलगतच्या शिरेचा दाह झाल्यास तेथें दोरीसारखी कठीण रेघ हातास लागते. ती लाल, ऊन व दुखरी असते. खोल शिरेंत गुठळी झाली, तर अशी रेघ बहुधा दिसत नाहीं. एकच पाय सुजतो, पोटरी जड होऊन दुखते, कधीं त्वचेचा रंगहि पालटतो. शस्त्रक्रियेनंतर, पाय प्लास्टरमध्यें असतां, दीर्घ प्रवासानंतर, तसेंच गरोदरपणीं व बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा धोका वाढलेला असतो.

येथें आपल्या घरांतील एका प्रेमळ चालीविषयीं सांगणें अवश्य आहे. वडीलधाऱ्यांचे पाय चेपणें आणि बाळंतिणीस तेल चोळणें, ही आपल्याकडे सेवा मानली जाते. परंतु एकच पाय अकस्मात् सुजला असेल, तर तो चोळूं वा चेपूं नये. खोल शिरेंतील गुठळी सुटून फुप्फुसांत जाऊं शकते. एकाएकीं धाप लागणें, छातींत कळ येणें, खोकल्यांतून रक्त पडणें किंवा भोंवळ येणें, हीं तिचीं लक्षणें होत. अशा वेळीं घरगुती उपायांत एक क्षणहि न दवडतां रुग्णालय गाठावें. आमच्या वसाहतींत महापालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे.

वरवरच्या दाहावर शेक, बसतांना पाय उंचावर ठेवणें, थोडें थोडें चालणें व डॉक्टरांनीं दिलेलें वेदनाशामक औषध यांनीं बहुधा उतार पडतो. दाब देणारे मोजे डॉक्टरांस विचारूनच वापरावेत. रोहिण्या अरुंद झालेल्या पायांस ते अपाय करितात. तथापि वरवरचा दाहहि डॉक्टरांस दाखवावाच. सोनोग्राफींत गुठळी ५ सेंटिमीटर वा अधिक लांब आढळली किंवा जांघेजवळ पोहोंचलेली दिसली, तर रक्त गोठूं न देणारें औषध सामान्यतः द्यावें लागतें. खोल गुठळीस तें निदान तीन महिने चालतें. बरें वाटलें म्हणून तें आपण होऊन बंद करूं नये.

पिंपरींत १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, आणि पेनिसिलीनचें नांव येथें घरोघरीं झालें. परंतु लाली दिसली कीं प्रतिजैविक घ्यावें, हा समज येथें लागू पडत नाहीं. हा दाह बहुधा जंतूंमुळें होत नसतो; जंतुसंसर्ग आहे कीं नाहीं, हें डॉक्टरांनींच ठरवावें.

उभ्यानें काम करणाऱ्यांनीं मधूनमधून टांचा उचलाव्यात, चार पावलें चालावें, पाणी पुरेसें प्यावें. पाय दुखतात ही म्हातारपणाची खूण म्हणून सोडून देऊं नये. दोन्ही पाय शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत; एकच सुजलेला दिसला, तर त्याच दिवशीं वैद्यकीय सल्ला घ्यावा.