अमेरिकेंतील विद्यार्थ्यांचीं बंधुमंडळें



अमेरिकेंतील विद्यापीठांच्या परिसरांत कांहीं मोठ्या घरांच्या दर्शनी भागीं ग्रीक वर्णमालेंतील दोन-तीन अक्षरें लावलेलीं दिसतात. तेथें ग्रीक भाषेचें अध्ययन चालत असावें असें नवख्यास वाटतें. परंतु तीं घरें 'फ्रॅटर्निटी' नांवाच्या विद्यार्थिमंडळांचीं असतात. आपण त्यांस बंधुमंडळें म्हणूं.

ही चाल जुनी आहे. व्हर्जिनियांतील विल्यम अँड मेरी कॉलेजांत १७७६ सालीं 'फाय बीटा कॅपा' ही गुप्त सभा निघाली. पुढें ती विद्वत्तेचा गौरव करणारी संस्था झाली. न्यूयॉर्क राज्यांतील युनियन कॉलेजांत १८२५ सालीं 'कॅपा आल्फा' निघाली, व तिच्या वळणावर आजचीं मंडळें वाढलीं. वर्ण व धर्म पाहून कित्येकांस त्यांचें दार दीर्घकाळ बंद राहिलें. कॉर्नेल विद्यापीठांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनीं १९०६ सालीं 'आल्फा फाय आल्फा' हें आपलें स्वतंत्र मंडळ स्थापिलें.

आतां प्रवेशाची रीत पाहूं. बोलण्यांत तिला 'रश' म्हणतात. बहुधा सत्राच्या आरंभीं कांहीं दिवस सर्व घरें खुलीं असतात. विद्यार्थी घरोघर हिंडून ओळखी करून घेतो. मग निवडक विद्यार्थ्यांस भोजनाचीं वगैरे बोलावणीं येतात. शेवटीं सभासद दाराआड बसून मतें घेतात, व पसंत पडलेल्यास 'बिड' म्हणजे आमंत्रण देतात. तें स्वीकारल्यावर कांहीं आठवडे उमेदवारी, आणि त्यानंतर दीक्षाविधि.

अठरा वर्षांच्या मुलास वाटतें कीं, परीक्षा एकट्या आपलीच चालली आहे. वस्तुतः ती दुहेरी आहे. वर्गणी किती, घरांत राहण्याची सक्ति आहे काय, विद्यापीठाची मान्यता आहे काय, मंडळास पूर्वीं शिक्षा झाली होती काय, हें त्यानें निःसंकोच विचारावें. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा कीं, उमेदवारीच्या काळांत काय करावें लागतें?

या प्रश्नावर प्राण अवलंबून असूं शकतात. २०१७ सालीं पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाजवळील एका घरांत, आमंत्रण स्वीकारलेल्या एका विद्यार्थ्यास पहिल्याच रात्रीं मद्य पाजण्यांत आलें. तो जिन्यावरून पडला; सोबत्यांनीं कित्येक तास मदत बोलाविली नाहीं, आणि तो मरण पावला. अशा छळास तिकडे 'हेझिंग' म्हणतात. आपल्याकडील रॅगिंगचाच हा भाऊबंद. त्याविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ सालीं कायदा झाला. अमेरिकेंत २०२४ च्या डिसेंबरांत झालेल्या कायद्यानें अशा प्रकारांची माहिती प्रसिद्ध करणें कॉलेजांवर बंधनकारक केलें आहे. प्रवेशेच्छूनें ती माहिती अवश्य वाचावी.

या मंडळांत जन्माची मैत्री जुळते, परमुलुखांत आधार मिळतो, लोकोपयोगी कामासाठीं निधिहि जमविला जातो. हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु बंधुत्व विकत घेण्यासाठीं जेथें अपमान सोसावा लागतो, तेथें बंधुत्व नसतें. आमंत्रण आलें तरी तें नाकारण्याचा अधिकार विद्यार्थ्यास असतो, व उमेदवारी चालू असतांनाहि उठून घरीं जाण्याची त्यास मोकळीक असते. आणि आमंत्रण न आलें, तर त्यांत कमीपणा मानूं नये. तेथील बहुसंख्य विद्यार्थी अशा कोणत्याहि मंडळांत नसतात. तरीहि ते शिकतात, मित्र जोडतात, आणि आयुष्यांत यशस्वी होतात.