स्वतःची जाहिरात, पण खरी!

मुलांनो, ठिपक्याठिपक्यांचा फ्रॉक घातलेली अमूलची मुलगी तुम्ही पाहिलीच असेल. 1966 सालापासून ती रस्त्यावरच्या फलकांवरून लोकांना हसवते आहे. सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस या जोडीनं तिला जन्म दिला. जाहिरात म्हटली की चित्र काढणारा हवा, मजकूर लिहिणारा हवा. पण आणखी एक माणूस लागतो, बरं का! कंपनीला काय हवंय ते समजून घ्यायचं, खर्चाचा हिशेब ठेवायचा, जाहिरात कुठं आणि किती दिवस द्यायची ते ठरवायचं आणि सगळं वेळेत पार पाडायचं. हा झाला जाहिरात व्यवस्थापक.

तुमच्या घरातला एखादा दादा किंवा ताई अशा नोकरीसाठी अर्ज करत असेल. अर्जाबरोबर बायोडाटा जातो. गंमत पाहा, जो उद्या दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करणार, त्याला आधी स्वतःची जाहिरात करावी लागते! आणि इथंच पुष्कळांची गाडी अडते. ‘मी मेहनती आहे, मी हुशार आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत,’ असं सगळेच लिहितात. वाचणाऱ्यापुढे अर्जांचा ढीग असतो. सगळेच मेहनती, मग बोलवायचं कुणाला?

याचं उत्तर डेव्हिड ओगिल्वी या माणसाच्या गोष्टीत सापडतं. त्याचा जन्म 1911 सालचा, इंग्लंडमधला. ऑक्सफर्डचं शिक्षण त्यानं 1931 मध्ये अर्धवट सोडलं. पॅरिसच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात राबला. मग स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून ‘आगा’ नावाच्या शेगड्या विकू लागला. विक्री इतकी छान झाली, की 1935 मध्ये कंपनीनं त्यालाच इतर विक्रेत्यांसाठी पुस्तिका लिहायला सांगितलं. दार उघडल्यावर काय बोलायचं, गिऱ्हाईक नाही म्हणालं तर काय करायचं, सगळं त्यानं त्यात लिहिलं. त्याचा भाऊ लंडनच्या एका जाहिरात संस्थेत होता. त्यानं ती पुस्तिका तिथं दाखवली आणि डेव्हिडला नोकरी मिळाली! पुढे 1948 मध्ये त्यानं न्यूयॉर्कला स्वतःची संस्था काढली. फेव्हिकॉलच्या गमतीदार जाहिराती तिच्याच भारतातल्या शाखेनं केल्या आहेत.

पदवी नव्हती, पण केलेलं काम दाखवता आलं. बायोडाटाचं मर्म हेच.

म्हणून ‘नेतृत्वगुण आहेत’ असं लिहिण्यापेक्षा ताईनं असं लिहावं: ‘कॉलेजच्या स्मरणिकेसाठी चौघांचा गट केला, 15 दुकानदारांकडून जाहिराती आणल्या, मजकूर छापखान्यात वेळेवर दिला.’ पाहा बरं, आता चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं की नाही? काय केलं, किती केलं आणि त्यातून काय झालं, हे तीन प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचे.

आणखी काही गोष्टी. नवख्या उमेदवाराला एक पान पुरे. वर नाव, फोन, ई-मेल. सगळ्यात अलीकडचं काम आधी, जुनं नंतर. नोकरीच्या जाहिरातीत ‘खर्चाचं नियोजन’ मागितलं असेल, तर त्याचा अनुभव वरती घ्यायचा. एकच बायोडाटा दहा ठिकाणी जसाच्या तसा पाठवायचा नाही. केलेल्या कामाचे नमुने वेगळे जोडायचे. आणि शुद्धलेखन! दुसऱ्याचा मजकूर तपासण्याची नोकरी मागणाऱ्याच्याच पानावर चुका असल्या, तर कोण विश्वास ठेवील?

सगळ्यात महत्त्वाचं, खोटं लिहायचं नाही. जाहिरातींनी लोकांना फसवू नये यासाठी आपल्याकडे 1985 साली भारतीय जाहिरात मानक परिषद स्थापन झाली. मालाबद्दल खोटं बोलायचं नाही, तर स्वतःबद्दल कसं चालेल? दोन जाहिराती आणल्या आणि पंधरा लिहिल्या, तर मुलाखतीतला पहिलाच प्रश्न असतो, ‘त्या कशा मिळवल्या, सांगा पाहू!’ खरं काम केलेल्याला मग तास पुरत नाही. खोटं लिहिणाऱ्याला एक मिनिट जड जातं.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. स्नेहसंमेलनाचा फलक रंगवणं, दुकानदाराकडे जाऊन ‘आमच्या स्मरणिकेला जाहिरात देता का?’ असं विचारणं, हा वेळेचा अपव्यय नव्हे. नकार ऐकून पुन्हा पुढच्या दुकानात जायला मूल तिथंच शिकतं. गुणपत्रिकेत हे कुठं दिसत नाही, पण पुढे बायोडाटात हीच ओळ बोलते.

तर दोस्तांनो, येत्या रविवारी एका जुन्या वहीची कोरी पानं काढा. यंदा शाळेत, घरी, गल्लीत तुम्ही केलेली पाच कामं लिहा. ‘छान केलं’ हे शब्द वापरायचे नाहीत हं! फक्त काय केलं, किती केलं, काय झालं. पाच सापडली नाहीत तरी हरकत नाही. वर्ष अजून संपलेलं नाही!