येरवडा चक्र आणि तळहाताएवढा संगणक

१९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजी पेटीत मावणाऱ्या चरख्याच्या खटपटीत रमले होते. तो पुढे ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला गेला. आकार घटवायचा, पण सूत मात्र निघालेच पाहिजे! आज याच येरवड्यातल्या कचेऱ्यांतून संगणकाची कामे चालतात, म्हणून हा दाखला आठवला.

असे पाहा, विहिरीवरच्या पंपाला रास्पबेरी पायसारखा एकाच पाटीवरचा संगणक जोडायचा आहे. त्याला ना पडदा, ना कळफलक. मग घरच्या संगणकाचा सारा बाडबिस्तरा त्याच्यावर कशाला लादायचा? बिल्डरूट हे साधन घ्यावे आणि लागेल तेवढेच निवडावे: लिनक्सचा गाभा, नेहमीच्या आज्ञा एकाच फाइलीत सामावणारा बिझीबॉक्स, आणि आपला पंपाचा प्रोग्रॅम. जुळणी करायची मोठ्या संगणकावर, पण धाकट्याच्या प्रोसेसरला कळेल अशी; त्यासाठी क्रॉस-कम्पायलर. पाटीवर काय कुठे जोडले आहे, ते गाभ्याला ‘डिव्हाइस ट्री’ सांगते.

खरी गोम पुढेच आहे. आपल्याकडे वीज काही सांगून जात नाही. कार्डावर लिहिणे चालू असतानाच ती गेली, तर फाइली बिघडून यंत्र पुन्हा उठेलच असे नाही. म्हणून मूळ प्रणाली नुसती वाचता येईल अशी ठेवावी, नोंदींचा कप्पा निराळा. मग रात्री दोनला वीज आली, तरी बूटलोडर गाभ्याला उठवतो, गाभा प्रोग्रॅमला, आणि शेतकऱ्याला कंदील घेऊन विहिरीवर जावे लागत नाही.