बेडकाची पाठ मरळीला दिसत नाही

अप्पर वर्धा धरणाच्या फुगवट्यावर, सिंभोऱ्याच्या बाजूला, रविवारी सकाळी पाच जण गळ घेऊन उभे असले की त्यांतला एक तरी छातीठोकपणे सांगतो, ‘मरळ येते ती केशरी बेडकावरच.’ अकोल्याकडून आलेला दुसरा काटेपूर्णेच्या अनुभवावर हिरव्याची बाजू घेतो. तिसऱ्याच्या डब्यात सतरा रंगांचे रबरी बेडूक असतात, प्रत्येक कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेला. एका म्हाताऱ्या भोई काकांनी तो डबा न्याहाळला आणि म्हणाले, ‘‘रंग काय पाह्यतं बापू, मासोई कुठी बसली हाये थे पाह्य पह्यले.’’

काकांच्या वाक्यानं वाद तिथंच संपला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण ‘केशरीच चालतो’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता एकदा सविस्तर बोललेलं बरं.

पहिली गोष्ट अगदी साधी. रबरी बेडूक पाण्यावर तरंगतो आणि मरळ खालून येते. तिला दिसतं ते बेडकाचं पोट. आपण दुकानात अर्धा तास घालवून निवडतो तो पाठीचा रंग. ही पाठ आभाळाकडे असते, म्हणजे ती दिसते आपल्याला आणि फार तर बगळ्याला. केशरी आणि हिरव्या बेडकांची पोटं पुष्कळदा सारखीच पांढुरकी असतात. मग वाद कशाचा?

पोटाचा रंगही मरळीला आपल्यासारखा दिसत नाही. पाण्याखालून वर पाहिलं की बाहेरचं सगळं आभाळ डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या एका गोल, लखलखीत खिडकीत गोळा झालेलं दिसतं. त्या उजेडासमोर आलेली वस्तू म्हणजे काळसर ठिपका. पटत नसेल तर तुमचा लाडका बेडूक दुपारच्या आभाळासमोर हात उंच करून धरा आणि खालून पाहा. रंग फिका पडतो, आकार उरतो आणि लोंबणारे पाय उरतात. मरळ झेपावते ती या आकारावर, पायांच्या हालचालीवर आणि पाण्यात उठलेल्या थरथरीवर. भडक पाठीचा एक फायदा मात्र खरा आहे : शेवाळात बेडूक कुठं पोचला ते आपल्याला कळतं.

‘मग पाण्याखालून ओढायच्या आमिषाचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. चमच्यासारखा चकाकणारा स्पून किंवा प्लास्टिकची मासोळी पाण्यात बुडून चालते, तिथं रंगाला थोडा अर्थ आहे. पण इथं दुसरा घोळ होतो. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत सामन पकडणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून आपली पोरं सांगतात, ‘लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी मरतो, म्हणून खोलात निळा-हिरवा लावा.’ त्यांच्या पाण्यात हे खरं आहे. मिशिगन सरोवरात १९६६ साली कोहो सामन सोडले गेले. तिथले लोक नावेमागे एकाच वेळी बऱ्याच दोऱ्या ओढत खोल, नितळ पाण्यात मासे शोधतात. नितळ पाणी लाल प्रकाश गिळतं, पहिल्या दहाएक मीटरांतच तो जवळपास संपतो.

आपलं पाणी वेगळं आहे. पावसाळ्यात वर्धेला मिळणारे बहुतेक नाले काळ्या रानातून येतात. काळ्या मातीचे कण इतके बारीक, की ते लवकर खाली बसत नाहीत. अशा गढूळ पाण्यात, त्यात कुजलेला पालापाचोळा असेल तर अधिकच, आधी मरतो तो निळा प्रकाश. जो थोडाफार उजेड खाली पोचतो तो पिवळट-तांबूस असतो. म्हणजे श्रावणात निळा स्पून लावणारा गडी व्हिडिओतला नियम नेमक्या उलट्या पाण्यात वापरत असतो.

तुमच्या पाण्याची पारख करायला यंत्र लागत नाही. इटलीतल्या सेकी नावाच्या पाद्री शास्त्रज्ञानं १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती किती खोलवर दिसते ते मोजलं, आजही तलाव तसेच मोजतात. पांढऱ्या ताटलीला दगड बांधा, सुतळीला गाठी मारा आणि सोडा. ताटली हातभरावर नाहीशी झाली तर सतरा रंगांचा डबा गाडीतच ठेवा. तिथं मासा आमिष ओळखेल ते आवाजावरून, हालचालीवरून आणि ठळकपणावरून. काळं किंवा भडक पिवळं, एवढे दोन पुरेत.

‘पण माझा अनुभव?’ हा शेवटचा हुकमी पत्ता. अनुभव खोटा नसतो, त्याची मोजणी खोटी असते. ज्याला केशरी आवडतो तो पहाटेच्या चांगल्या वेळी केशरीच लावतो आणि ऊन चढून मासा बसला की ‘आता हिरवा बघू’ म्हणतो. दिवसाला ऐंशी वेळा केशरी फेकला आणि दहा वेळा हिरवा, तर मासे केशरीवरच लागणार. आणि समजा, दोन्ही सारखेच फेकले आणि पाच मरळींपैकी चार केशरीवर आल्या. पुरावा झाला? नाणं पाच वेळा उडवा. दोन्ही बाजू अगदी सारख्या असूनही चार-एक किंवा पाच-शून्य असा निकाल आठांत तीनदा लागतो. दहा मासे लागून नऊ एकाच रंगावर आले तर मात्र मी कान टवकारीन. तसं निव्वळ योगायोगानं शंभरात दोनदाच घडतं.

खरंच तपासायचं असेल तर असं करा. एकाच कंपनीचे, एकाच वजनाचे, फक्त रंगानं वेगळे दोन बेडूक घ्या. दहा फेकी एकाच्या, दहा दुसऱ्याच्या, जागा आणि ओढण्याचा वेग तोच. सुरुवात कोणत्या रंगानं करायची ते नाण्यावर ठरवा. मासा हाती आला का हे नव्हे, झडप पडली का हे लिहा, कारण गळ निसटणं हा रंगाचा दोष नाही. न आलेल्या झडपाही वहीत ‘शून्य’ म्हणून लिहायच्या. आपण नेमकं तेच विसरतो.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘मासे रंगांधळे असतात.’ नाही. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच माशांना रंग ओळखायला शिकवून दाखवलं होतं.

‘मग त्यांना सगळे रंग आपल्यासारखेच दिसतात.’ तेही नाही. अमेरिकेतल्या बास माशावर इलिनॉय विद्यापीठात झालेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्याला लाल आणि हिरवा नीट ओळखता येतो, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसेच निळा आणि काळा यांत तो गोंधळतो. दुकानदार मात्र चारही विकतो.

‘रात्री शिवड्यासाठी चमकता रंग हवा.’ शिवड्यासारखे मिशावाले मासे अंधारात चव, वास आणि पाण्यातली हालचाल यांवर जगतात.

‘रोहू-कटल्यासाठी कोणता रंग?’ कोणताच नाही. ते शिकारी मासे नव्हेत, कणकेचा गोळा लावा.

‘महागडा बेडूक जास्त मासे धरतो.’ त्याचा गळ टोकदार असतो आणि रबर लवकर फाटत नाही. पैसे त्याचे.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली, कारण केशरीची सगळी कीर्ती बहुधा तिच्यातून आली आहे. पावसाळ्यात मरळ पिल्लं काढते. ही पिल्लं लालसर-केशरी असतात आणि पृष्ठभागाजवळ दाट थव्यानं फिरतात. पाणी त्या जागी उकळी फुटल्यासारखं दिसतं. खाली पालक मासा राखणीला असतो. थव्यावरून जे काही जाईल, केशरी, काळं किंवा नुसती काडी, त्यावर तो तुटून पडतो. त्याला भूक लागलेली नसते, पोरं वाचवायची असतात. त्याच दिवसांत केशरी बेडूक फेकणारा म्हणतो, ‘बघा, रंग चालला.’

तो मासा काढला की राखण संपते आणि उघड्यावर पडलेला थवा इतर मासे आणि पक्षी खातात. पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यात मरळ का नाही, याचं उत्तर रंगांच्या डब्यात सापडणार नाही. तेव्हा धरणावर मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे आहे तिची परवानगी घ्या, हवा तो बेडूक लावा. पण पाण्यात लालसर थवा खळबळताना दिसला, तर गळ गुंडाळा आणि दुसरीकडे चला.