साखर कारखाना किती मोठा असावा?

सातारा व सांगली जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांपुढे गाळपक्षमता वाढविण्याचा ठराव वरचेवर येतो. तो संमत करण्यापूर्वी त्यामागील हिशेब सभासदांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कारखान्याचा आकार वाढला म्हणजे टनामागील खर्च प्रथम उतरतो. रसाच्या टाकीची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर पत्रा चौपट लागतो. आत मावणारा रस मात्र आठपट होतो. कार्यकारी संचालक दोन लागत नाहीत, प्रयोगशाळाही एकच पुरते. आसवनी व सहवीजनिर्मिती यांनाही मळी आणि बगॅस पुरेसा असावा लागतो. याच कारणाने पूर्वी दररोज १,२५० टन गाळप ही किफायतशीर कारखान्याची किमान मर्यादा मानली जाई. पुढे ती २,५०० टनांवर गेली. अर्थशास्त्रात यांस मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या बचती म्हणतात.

परंतु ऊस दूरवर विखुरलेल्या शेतांतून आणावा लागतो, आणि तोडल्यापासून शक्यतो २४ तासांत तो गाळावा लागतो. विलंब झाल्यास वजन घटते व साखर उताराही घसरतो. उसाची दाटी तीच राहून गाळप चौपट केले, तर ऊसपुरवठ्याच्या क्षेत्राची त्रिज्या दुप्पट होते. प्रत्येक टनाची सरासरी वाहतूकही त्याच प्रमाणात लांबते. कृष्णाकाठच्या सलग उसात हे फारसे जाणवत नाही. जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात जाणवते. येथून अबचती सुरू होतात. तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊसबिलातून वजा होत असल्याने त्यांचा भार अखेर उत्पादकावर पडतो. शिवाय ऊस वाढला नाही, तर हंगामाचे दिवस कमी होऊन नव्या यंत्रसामग्रीचे व्याज थोड्या टनांवर बसते.

सांगलीचा वसंतदादा पाटील शेतकरी सहकारी साखर कारखाना एके काळी आशियातील मोठ्या कारखान्यांत गणला जाई; २०१७ मध्ये तो भाडेपट्ट्याने चालविण्यास द्यावा लागला. त्याची कारणे अनेक असून सारा दोष आकारावर ढकलणे न्याय्य नव्हे. तथापि केवळ मोठेपणाने कारखाना तरत नाही, एवढे त्यावरून दिसते.

साखराळे येथील राजारामबापू पाटील कारखान्याचा मार्ग यादृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. एकाच ठिकाणी सारे गाळप न करता वाटेगाव-सुरूल, कारंदवाडी आणि जत तालुक्यातील तिप्पेहळ्ळी येथे त्याच्या शाखा चालविल्या गेल्या. व्यवस्थापन एक राहिले आणि गाळप उसाजवळ गेले. अर्थात, प्रत्येक शाखेला स्वतंत्र बॉयलर व गिरण्या लागतात. वाहतुकीत वाचलेल्या पैशातून हा वाढीव खर्च वजा करूनच खरा लाभ मोजावा लागतो.