पुडवे, चोळी आणि ओवी

वेश म्हणजे अंगावरचे वस्त्र आणि कला म्हणजे घटकाभर करमणूक, असे आपण सहज बोलून जातो. राज्यकर्त्यांनी मात्र हा विषय इतका हलका मानला नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली हुकूम काढून ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांना पुरुषांचे पुडवे, म्हणजे धोतर, बायकांची चोळी आणि लग्नातल्या ओव्या मना केल्या. धर्म पालटला तरी धोतर व ओवी माणसाला मूळ समाजाशी बांधून ठेवतात, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

आमच्या पेडणे महालाचे दैव निराळे. सावंतवाडीकरांकडून तो पोर्तुगीजांकडे गेला १७८८ साली. तोवर छळाचा जोर ओसरला होता; पुढे १८१२ मध्ये इन्क्विझिशनच बंद झाले. म्हणून हरमलच्या बाजूला जत्रेतला दशावतार अखंड राहिला. काळा संकासुर अजून पोरांना हसवतो, पुरुष नऊवारी नेसून राणी होतो, साधे बाकडे सिंहासन ठरते. साथीची पायपेटी मात्र मुळात युरोपातली! परकी म्हणून ती कोणी टाकली नाही. आमच्या ख्रिस्ती बांधवांनीही पाश्चात्य सुरांतून कोंकणी मांडो घडविला, आणि तो अस्सल गोव्याचाच. हौसेने घेतलेली पेटी निराळी, हुकमाने सोडायला लावलेले पुडवे निराळे.

दशावतारातले संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगणातच रचतो. ही विद्या पुस्तकात सापडत नाही. मुलांना रात्रभर जत्रेत बसू दिले, तरच ती त्यांच्या कानी पडते.