लेकी-सुनांचं नाव यादीत आहे ना?

आज बोलू या मतदार यादीबद्दल.

१९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा यादीसाठी नाव विचारलं, तर कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच लिहून दिलं. अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून वगळावी लागली. आज आपल्या मुली स्वतःचं नाव ठणकावून सांगतात. पण ते यादीत चढलंय का, हे घरात कुणी बघतं का?

आधी मतदानाचं वय २१ होतं. १९८९ पासून ते १८ झालं. अठरावं लागून चालत नाही बरं का, अठरा पूर्ण व्हावी लागतात. पूर्वी त्यासाठी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही आगाऊ अर्ज करता येतो. नवीन नावासाठी नमुना ६ भरायचा. सोबत फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा. अर्ज गावच्या बीएलओकडे द्या किंवा मोबाईलवरून भरा. अडलं तर १९५० हा क्रमांक फिरवा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो लग्नानंतर. नाव माहेरच्या यादीत, मुलगी नांदायला सासरी. मतदानाच्या दिवशी माहेरी जाणं जमत नाही आणि तिचं मत वाया जातं. यासाठी नमुना ८ आहे. त्याने नाव सासरच्या पत्त्यावर येतं. सासूबाईंनो, सुनेचं रेशनकार्डात नाव घालता, तेव्हाच हेही काम उरकून घ्या.

आणखी एक. हातात मतदार ओळखपत्र असलं तरी यादीत नाव नसेल, तर मत देता येत नाही. उलट यादीत नाव असेल आणि ओळखपत्र हरवलं असेल, तर आधार किंवा रोजगार हमीचं जॉबकार्डही चालतं.

"एका मतानं काय होतंय?" असं तरुण पोरं म्हणतात. त्यांना ग्रामपंचायतीचं सांगा. वॉर्डात काहीशेच मतं असतात. दोन उमेदवारांना सारखी मतं पडली, तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात. म्हणजे घरी बसलेल्या एका पोरीचं काम चिठ्ठी करते! नळाचं पाणी, रस्त्यावरचे दिवे, अंगणवाडीची खोली हे सगळं तिथंच ठरतं. ग्रामपंचायतीसाठी विधानसभेची ठरावीक तारखेपर्यंतचीच यादी घेतात. त्यामुळे निवडणूक लागल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

मत कुणाला द्यायचं, हे मात्र तिचं तिला ठरवू द्या. मत गुप्त असतं, नवऱ्यालाही सांगायची सक्ती नाही. कुणीच पटलं नाही तर 'नोटा'चं बटण आहे.

आमचं एवढंच म्हणणं, या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव यादीत शोधा. सापडलं नाही तर लगेच अर्ज करा, आणि शेजारणीलाही सांगा.